कथा कुणाची, सांगायची कुणी? पॅसिफिक बेटांवरच्या मौखिक परंपरा आणि त्या जपण्याचं काम

१९६७ साली जोझे गारांजे हा फ्रेंच पुरातत्त्वज्ञ एफाते बेटाजवळच्या आर्टोक नावाच्या छोट्याशा निर्मनुष्य बेटावर खणायला उतरला. हा भाग आज वानुआतू या देशात येतो. कुठे खणायचं हे त्याला कुठल्याही नकाशाने सांगितलं नव्हतं, आसपासच्या बेटांवरच्या माणसांनी सांगितलं होतं. त्यांच्या कथेत रोई माता नावाचा एक मोठा सरदार होता. सतत लढणाऱ्या गावांना त्याने मेजवानीला बोलावलं आणि प्रत्येकाने येताना काहीतरी घेऊन यायला सांगितलं. नारळ आणणारे सगळे एका कुळाचे ठरले, ऑक्टोपस आणणारे दुसऱ्या, सुरण आणणारे तिसऱ्या. एका कुळातल्या माणसांनी, मग ती कितीही लांबच्या गावची असोत, एकमेकांवर हत्यार उचलायचं नाही. पुढे रोई माता लेलेपा बेटावरच्या एका गुहेत वारला, त्याला आर्टोकवर पुरलं, त्याच्याबरोबर त्याची माणसंही गेली आणि त्या बेटावर पुन्हा कुणी राहायचं नाही असं ठरलं.

दाखवलेल्या जागी गारांजेला एक मुख्य दफन आणि त्याभोवती सुमारे ५० माणसांचे सांगाडे सापडले. हे दफन इ.स. १६००च्या आसपासचं मानतात. म्हणजे साडेतीनशेहून अधिक वर्षं, एकही अक्षर न लिहिता, लोकांनी एक जागा, एक नाव आणि एक घटनाक्रम सांभाळला होता. रोई माताचं निवासस्थान, ती गुहा आणि आर्टोक मिळून २००८ मध्ये वानुआतूचं पहिलं जागतिक वारसास्थळ झालं.

"जुन्या लोकांची स्मरणशक्ती दांडगी होती" असं म्हणून हा विषय संपवता येतो, पण त्याने काहीच उलगडत नाही. विसरणं सगळीकडे सारखंच असतं. इतकी वर्षं टिकलेल्या कथेमागे चुका पकडणारी एक व्यवस्था असते, आणि जपायची असते ती ही व्यवस्था. नुसता शब्दांचा ऐवज उचलून कपाटात ठेवला तर काय होतं, याची उदाहरणं पॅसिफिकमध्ये भरपूर आहेत.

चुका कशा पकडल्या जातात

सगळ्यात आधी हक्क. वानुआतूमध्ये बऱ्याचशा कथा एखाद्या कुळाच्या, घराण्याच्या किंवा जागेच्या असतात. त्या माहीत अनेकांना असतात, पण सांगायच्या ठरावीक माणसांनीच. बाहेरून आलेल्याने विचारलं तर समोरचा "मला माहीत नाही" म्हणतो, आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा "ती माझी नाही" एवढाच असतो. नवख्या संशोधकांना हे कळत नाही आणि ते वहीत "परंपरा लुप्त" अशी नोंद करून मोकळे होतात. या हक्कामुळे कथेला जबाबदार धनी मिळतो: चूक झाली तर कुणाची झाली, हे गावाला ठाऊक असतं.

दुसरा आधार जमिनीचा. कथा एका खडकावरून झऱ्याकडे, झऱ्यावरून प्रवाळाच्या फटीकडे अशी चालत जाते. प्रत्येक ठिकाण पुढच्या प्रसंगाची आठवण करून देतं. रोई माताच्या बाबतीत तर आर्टोकवर वस्ती न करण्याचा नियमच कथेला धरून राहिला. बेट समोर दिसतं, तिथे कुणी राहत नाही, का राहत नाही असं मूल विचारतं, आणि कथा सांगावी लागते.

रचनेचं काम याहून बारीक आहे. हवाईचं 'कुमुलिपो' हे सृष्टीच्या उत्पत्तीचं आणि राजवंशाचं गायन २,१०२ ओळींचं आहे. राजा कालाकाउआने ते १८८९ मध्ये छापलं आणि राणी लिलिउओकालानीने केलेलं इंग्रजी भाषांतर १८९७ मध्ये आलं. त्याच्या सुरुवातीच्या भागात समुद्रातल्या प्रत्येक जिवाला जमिनीवरच्या एका वनस्पतीची जोड दिली आहे आणि अनेक जोड्यांची नावं एकमेकांशी मिळत्याजुळत्या आवाजाची आहेत. एक अर्धं विसरलं तर दुसरं ते ओढून आणतं. एखादी जोडी गाळली गेली तर ऐकणाऱ्याला ताल तुटल्याचं लगेच जाणवतं.

वानुआतूच्या मध्य आणि उत्तर बेटांवरची वाळूची रेखाटनं याच कामाचा वेगळा नमुना. वाळूवर, राखेवर किंवा चिकणमातीवर एका बोटाने, बोट न उचलता एकच अखंड रेघ काढत जायचं. आधी उभ्या-आडव्या रेघांची किंवा ठिपक्यांची चौकट, मग तिच्यातून वळसे घेत जाणारी रेघ, आणि सोबत कथा. चांगली आकृती जिथे सुरू झाली तिथेच येऊन मिळते. मधलं एक वळण चुकलं की शेवट जुळत नाही, आणि भोवती बसलेली पोरंसुद्धा ते ओळखतात. युनेस्कोने २००३ मध्ये या परंपरेला मानवतेच्या मौखिक वारशातल्या श्रेष्ठ कृतींमध्ये स्थान दिलं.

शेवटी श्रोते. सामोआत रात्री घरात सांगितल्या जाणाऱ्या 'फांगोंगो' कथांमध्ये मधूनमधून गाण्याचे तुकडे येतात आणि ऐकणारे "आउए" असा हुंकार देत राहतात. हुंकार थांबला की लोक झोपले असं समजायचं. इथे ऐकणारा हा कथेचा निम्मा भाग असतो, आणि ध्वनिमुद्रण करताना सगळ्यात आधी तोच हरवतो.

ही सगळी यंत्रणा असूनही कथा जशीच्या तशी उतरते असं मानणं भाबडेपणाचं ठरेल. वंशावळीत मधल्या पिढ्या गळतात, अडचणीचा पूर्वज गायब होतो, दोन वादळांचं एक होतं. आकडे सगळ्यात कमी भरवशाचे. ठिकाणं आणि घटनांचा क्रम मात्र आश्चर्य वाटावं इतके टिकतात. फिजीच्या कादावू बेटावर नाबुकेलेवू हा ज्वालामुखी आहे. शेजारच्या ओनो बेटाच्या कथेत तानोवो नावाच्या सरदाराला या डोंगरामुळे सूर्यास्त दिसेनासा झाला. तो चिडून डोंगराची माती टोपल्यांनी उपसायला गेला, तिथल्या देवाने त्याचा पाठलाग केला आणि पळताना सांडलेल्या मातीची बेटं झाली. भूशास्त्रज्ञ हा ज्वालामुखी माणूस फिजीत येण्याच्या, म्हणजे सुमारे ३,००० वर्षांच्या, कितीतरी आधीच थंडावला असं समजत होते. पुढे एका नव्या रस्त्यासाठी डोंगर कापला तेव्हा राखेच्या थराखाली मडक्यांचे तुकडे निघाले. डोंगर माणसांच्या डोळ्यांदेखत वाढला होता.

साखळी कुठे तुटते

सगळ्यात क्रूर उदाहरण रापा नुईचं, म्हणजे ईस्टर बेटाचं. १८६२-६३ मध्ये पेरूच्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी तिथली माणसं पकडून नेली, त्यांत जाणती मंडळीही होती. मागोमाग देवी आणि क्षयाची साथ आली. १८७७ मध्ये बेटावर फक्त १११ माणसं उरली होती. लाकडावर कोरलेल्या रोंगोरोंगो चिन्हांच्या सुमारे दोन डझन वस्तू आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत, पण त्या वाचता येणारं कुणीही नाही. वस्तू वाचल्या, शिकवणारा गेला.

बाकी ठिकाणी गोष्ट हळूहळू घडली. मिशनऱ्यांनी डोंगरातली गावं किनाऱ्यावर आणली आणि कथांमधल्या जागा नजरेआड झाल्या. आज वानुआतूची लोकसंख्या साधारण ३ लाख आणि भाषा शंभराहून अधिक. माणसामागे भाषांचं प्रमाण बघितलं तर जगात पहिला नंबर. पण शाळा इंग्रजी किंवा फ्रेंच, आणि राजधानी पोर्ट व्हिलामध्ये वेगवेगळ्या बेटांचे आईबाप एकत्र आले की घरात बिस्लामा, ही सगळ्या बेटांना समाईक, इंग्रजीतून घडलेली भाषा. मुलाला कथेचा सारांश बिस्लामात कळतो, मधली गाणी कळत नाहीत, कारण ती जुन्या भाषेत अडकलेली असतात. जातं गेलं आणि जात्यावरच्या ओव्या ओठांवर यायच्या थांबल्या, तसं इथे भाषेबरोबर आणि संध्याकाळच्या बैठकीबरोबर होतं.

हे नुकसान केवळ भावनेचं नाही. २ एप्रिल २००७ रोजी सॉलोमन बेटांच्या पश्चिम भागात ८.१ क्षमतेचा भूकंप झाला आणि काही मिनिटांत त्सुनामी आली. ५२ माणसं गेली. गिझो बेटावर समुद्र मागे सरकताना पाहून मूळचे रहिवासी डोंगराकडे पळाले. ब्रिटिश राजवटीत किरिबासच्या सपाट प्रवाळबेटांवरून आणून वसवलेल्या लोकांच्या वस्त्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण मात्र बरंच जास्त होतं. त्यांच्याकडेही समृद्ध मौखिक परंपरा आहे, पण ती दुसऱ्या समुद्राची. या किनाऱ्यावरची धोक्याची खूण तिच्यात नव्हती.

वानुआतूची पद्धत

या कामात पॅसिफिकमध्ये सर्वांत अनुकरणीय काही असेल तर वानुआतू सांस्कृतिक केंद्राची 'फिलवोका' म्हणजे गावोगावच्या क्षेत्र-कार्यकर्त्यांची पद्धत, असं आमचं मत आहे. १९७०च्या दशकाच्या मध्यावर मौखिक परंपरांच्या ध्वनिमुद्रणाचं प्रशिक्षण सुरू झालं. कर्क हफमन केंद्राचे प्रमुख असताना त्याला आकार आला आणि १९८१ पासून भाषाशास्त्रज्ञ डॅरेल ट्रायन यांच्या साहाय्याने पुरुष कार्यकर्त्यांची वार्षिक कार्यशाळा भरू लागली. बायकांच्या कथा, चटया विणण्याचं ज्ञान आणि लग्नविधी पुरुषांना सांगितले जात नव्हते, त्यामुळे १९९४ पासून जीन तारिसेसी आणि लिसंट बोल्टन यांनी स्त्री कार्यकर्त्यांची वेगळी कार्यशाळा उभी केली.

पद्धत साधी आहे. कार्यकर्ता हा त्याच भाषेचा, त्याच गावचा माणूस. तो पगारी नोकर नसतो, थोडंफार मानधन आणि साहित्य मिळतं. दर वर्षी एक विषय ठरतो, उदाहरणार्थ नातेसंबंध किंवा डुकरं पाळण्याच्या चाली. वर्षभर तो आपल्या भागात माणसांना भेटतो, मग सगळे पोर्ट व्हिलात जमतात आणि प्रत्येक जण बिस्लामात आपलं सांगतो. ते मुद्रित होतं, त्यावर बाकीचे प्रश्न विचारतात. निवडक भाग रेडिओवरून बेटाबेटांवर पोचतो. रेडिओवर ऐकून दुसऱ्या बेटावरचा कुणी म्हणतो, "हे आमच्याकडे वेगळं आहे," आणि पुढच्या वर्षीचं काम मिळतं.

केंद्रात एक 'ताबू रूम' आहे. जे मुद्रण ठरावीक कुळाने, फक्त पुरुषांनी किंवा फक्त स्त्रियांनीच ऐकायचं, ते तिथे ठेवलं जातं. बाहेरच्या संशोधकाला संग्रहालयात प्रत्येक गोष्ट मागण्याची सवय असते, त्याला हे खटकतं. पण ही खोली आहे म्हणूनच म्हातारी माणसं मुद्रणाला तयार होतात. वानुआतूने १९८५ ते १९९४ या काळात परदेशी मानवशास्त्रीय संशोधनावर बंदीच घातली होती. बंदी उठली ती संशोधन धोरण लिहून झाल्यावर: स्थानिक कार्यकर्त्यासोबत काम, गावाची संमती, गावाला काहीतरी उपयोग, आणि मुद्रणाची प्रत केंद्रात जमा.

जमिनीचा प्रश्न सगळ्यात नाजूक. १९८०च्या राज्यघटनेप्रमाणे देशातली सगळी जमीन परंपरेने तिचे धनी असलेल्यांची आणि त्यांच्या वंशजांची आहे. त्यामुळे "आमचा पूर्वज या खडकातून बाहेर आला" ही ओळ म्हणजे सातबारा असतो. जमिनीच्या वादात कथा आणि वंशावळ पुरावा म्हणून मांडली जाते. अशा वेळी एका घराण्याची आवृत्ती "अमुक बेटाची कथा" म्हणून छापली, तर संग्रह करणाऱ्याने नकळत एका बाजूने निकाल दिलेला असतो. म्हणून शीर्षक नेहमी पूर्ण द्यायचं: कुणी सांगितली, कुठल्या कुळाचा, कुठल्या गावात, कुणासमोर. आणि शेजारच्या घराण्याची वेगळी आवृत्ती मिळाली तर दोन्ही शेजारी ठेवायच्या, जुळवून "शुद्ध" तिसरी करायची नाही.

तो मोह जुना आहे. न्यूझीलंडचा गव्हर्नर जॉर्ज ग्रे याने १८५४ मध्ये माओरी कथांचा प्रसिद्ध संग्रह छापला. त्यातला मोठा भाग तेरांगीकाहेके या जाणकाराने लिहून दिलेल्या हस्तलिखितांवर आधारलेला होता. ग्रेने वेगवेगळ्या टोळ्यांच्या आवृत्त्या एकमेकांत मिसळल्या, मजकूर कापला आणि लेखकाचं नाव दिलं नाही. अनेक पिढ्यांनी ते पुस्तक "माओरी पुराण" म्हणून वाचलं. सुदैवाने हस्तलिखितं टिकली आणि अभ्यासकांना मूळ वेगळं काढता आलं.

प्रत्यक्ष मुद्रण

संमती एका सहीने होत नाही. निदान इतके प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात: मुद्रण करू का, कुठे ठेवू, रेडिओवर लावू का, इंटरनेटवर टाकू का, मुलांनी ऐकलं तर चालेल का, दुसऱ्या कुळाने ऐकलं तर? इंटरनेटचा प्रश्न शेवटी आणि नीट समजावून विचारायचा, कारण तिथे गेलेलं परत घेता येत नाही. उत्तरं सांगणाऱ्याच्या भाषेत, त्याच मुद्रणाच्या सुरुवातीला घ्यावीत. कागद वाळवी खाते, फाईलच्या आतला आवाज फाईलबरोबर राहतो. त्याच वेळी तारीख, गाव, भाषा, सांगणाऱ्याचं नाव आणि उपस्थित लोक मोठ्याने बोलून घ्यायचे.

मुद्रण वेव फाईलमध्ये, किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. स्टिरिओत एका तासाला साधारण १ जीबी जागा लागते, ९६ किलोहर्ट्झला दुप्पट. जागा वाचवायला एमपीथ्रीत मुद्रण करणं ही सगळ्यात सर्रास चूक. काढून टाकलेले बारकावे पुन्हा मिळत नाहीत, आणि स्वरांतला ऱ्हस्व-दीर्घ फरक किंवा कंठातली छोटी अटक तपासायला नेमके तेच लागतात. आवाजाची पातळी -१२ ते -६ डेसिबलमध्ये राहील अशी ठेवायची, कारण कथेत ओरडण्याचा प्रसंग येतोच आणि फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. कानाला हेडफोन लावल्याशिवाय मुद्रण सुरू करू नये.

दोन वाहिन्या असतील तर एक छातीवरच्या छोट्या मायक्रोफोनला, हनुवटीखाली वीतभर अंतरावर, आणि दुसरी श्रोत्यांकडे तोंड करून. हुंकार, हशा, दुरुस्त्या यांना वेगळी वाहिनी लागते. वाऱ्यासाठी फोमची टोपी किनाऱ्यावर पुरत नाही, केसाळ आवरण हवं. पत्र्याच्या छपराखाली बसू नये, एक सर आली की अर्धा तास वाया. जनरेटर, कोंबडे आणि रातकिडे यांच्यापासून लांब जागा दिवसा हेरून ठेवायची, पण कथा रात्रीची असेल तर रात्रीच घ्यायची. सकाळी दहा वाजता एकट्या पाहुण्यासमोर सांगितलेली रात्रीची कथा सारांश होऊन बसते: चाळीस मिनिटांची आठ मिनिटांत संपते, गाणी गळतात, आणि सांगणारा सौजन्य म्हणून ती बिस्लामातच सांगून टाकतो.

वाळूच्या रेखाटनाला आवाज पुरत नाही. कॅमेरा शक्य तितका वरून, सांगणाऱ्याच्या खांद्यामागून, आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरक्या उन्हात, म्हणजे चर ठळक दिसतात. भर दुपारी वाळू सपाट दिसते. पूर्ण झालेल्या आकृतीचा फोटो जवळजवळ निरुपयोगी असतो, कारण रेघ कुठून कुठे गेली हे त्यातून कळत नाही.

त्याच संध्याकाळी दोन प्रती, दोन वेगळ्या उपकरणांवर, आणि त्या दोन वेगळ्या माणसांच्या पिशवीत. तिसरी प्रत पहिल्या संधीला दुसऱ्या बेटावर किंवा दुसऱ्या देशात गेली पाहिजे. मार्च २०१५ मध्ये पाम चक्रीवादळाने वानुआतूत जे केलं, ते पाहिल्यावर "सगळं एका कपाटात सुरक्षित आहे" असं कुणी म्हणू नये.

खरा वेळ पुढे जातो. एका तासाच्या मुद्रणाचं लेखन आणि भाषांतर करायला सवयीच्या माणसालाही ४० तासांच्या आसपास लागतात, अवघड भाषेत त्याहून जास्त. 'इलान' नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्यासाठी वापरतात. मूळ वाक्य, शब्दाशब्दाचा अर्थ आणि सुटं भाषांतर अशा थरांत मजकूर आवाजाच्या नेमक्या सेकंदाशी बांधला जातो. वेळ नसेल आणि जाणकार लिहिणारे नसतील तर एक चांगला आडमार्ग आहे. मूळ मुद्रण वाक्यावाक्याला थांबवून गावच्याच दुसऱ्या माणसाने ते सावकाश, स्पष्ट पुन्हा उच्चारायचं, आणि मग बिस्लामात तोंडी अर्थ सांगायचा. दोन्ही मुद्रित करायचं. पन्नास वर्षांनी ती भाषा बोलणारा कुणी नसला, तरी भाषाशास्त्रज्ञाला एवढ्यावरून मूळ उलगडता येतं.

जुन्या टेपांचं दुखणं

१९५० ते १९९०च्या दरम्यान केलेली हजारो तासांची मुद्रणं रिळांवर आणि कॅसेटवर आहेत. सदैव दमट हवेत बुरशी धरते. काही पॉलिस्टर टेपांचं बंधकद्रव्य पाणी शोषून चिकट होतं, वाजवताना टेप किंचाळते आणि तिचा थर यंत्राच्या टेप वाचणाऱ्या भागावर उतरतो. अशी टेप ५० अंश सेल्सिअसच्या थोड्या वर, नियंत्रित भट्टीत काही तास शेकवली की काही आठवडे वाजते, तेवढ्यात तिची प्रत करायची. पण हा उपाय अ‍ॅसिटेटच्या टेपेवर केला तर ती कायमची जाते. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती अ‍ॅसिटेटची, शेकवायची नाही. बुरशी लागलेली टेप तशीच यंत्रात घालू नये, बीजाणू पुढच्या प्रत्येक टेपेला लागतात.

टेपेइतकंच म्हातारं झालंय यंत्र. रिळांच्या यंत्रांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात संपत चाललेत. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने २०२५ हे साल चुंबकीय टेपांसाठी अंतिम मुदत म्हणून जाहीर केलं होतं. सिडनी, मेलबर्न आणि कॅनबेराच्या विद्यापीठांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या 'पॅराडिसेक' संग्रहात पॅसिफिक आणि भोवतालच्या १,३०० हून अधिक भाषांचं साहित्य ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाने उतरवलेलं आहे. त्यातलं पुष्कळसं निवृत्त किंवा दिवंगत संशोधकांच्या माळ्यांवरून आलं. अशा खोक्यांतली नेहमीची शोकांतिका म्हणजे "तान्ना ३" एवढंच लिहिलेली टेप: आवाज स्वच्छ, पण कोण बोलतंय, कुठल्या भाषेत, कुणाच्या परवानगीने, काहीच नोंद नाही. वानुआतूच्या तान्ना बेटावर पाच भाषा बोलल्या जातात.

परत गावात

संग्रहात सुरक्षित असलेली कथा गावात पोचली नाही तर ती सांगितली जात नाही. बेटांवर इंटरनेट महाग आणि विरळ, पण फोन जवळपास प्रत्येकाकडे. म्हणून ऐकण्यासाठी लहान एमपीथ्री प्रत करून मेमरी कार्डावर द्यायची. ब्ल्यूटूथने ती दोन दिवसांत गावभर होते. (इथे एमपीथ्री चालतं, कारण मूळ वेव फाईल दुसरीकडे सुरक्षित आहे.) त्यातून एक नवीच अडचण उभी राहते. आजोबांची मुद्रित आवृत्ती इतकी प्रमाण मानली जाते की नातवाने थोडं वेगळं सांगितलं की लोक त्याला थांबवतात. जिवंत सांगणारा फाईलपुढे हरतो. एकाच कथेची दोन-तीन वेगळ्या माणसांची मुद्रणं एकत्र दिली तर हा धोका बराच कमी होतो.

हवाईकडे लिखित ठेवा प्रचंड आहे. १८३४ ते १९४८ या काळात हवाईयन भाषेतल्या वृत्तपत्रांची सुमारे सव्वा लाख पानं छापली गेली. त्यांत वाचकांनी पाठवलेल्या वंशावळी, गाणी, लांबलचक कथा आहेत. २०११-१२ मध्ये हजारो स्वयंसेवकांनी त्यातली पानं टंकलिखित करून शोधता येतील अशी केली. पण वाचणारी पिढी तयार झाली ती त्याआधी, १९८४ पासून सुरू झालेल्या हवाईयन बालवाड्यांमुळे. न्यूझीलंडमध्ये १९८२ पासून माओरी बालवाड्यांनी वाट दाखवली होती.

यंत्राला भाषा शिकवण्याबाबतही न्यूझीलंडमधूनच चांगला धडा मिळतो. काइताइया गावातल्या 'ते हिकू मीडिया' या माओरी रेडिओने २०१८ मध्ये लोकांना वाक्यं वाचून पाठवायला सांगितली. १० दिवसांत सुमारे २,५०० माणसांनी ३१० तासांचं वाचन दिलं. त्यावर त्यांनी बोलणं ओळखून लिहिणारी प्रणाली स्वतः घडवली, म्हणजे जुन्या रेडिओ मुद्रणांचं लेखन वेगाने होईल. तो आवाज त्यांनी मोठ्या परदेशी कंपन्यांच्या हवाली केला नाही आणि वापराच्या अटी स्वतःच लिहिल्या. कायदा याबाबतीत अजून मागे आहे. नेहमीचा स्वामित्वहक्क एका लेखकाला आणि ठरावीक वर्षांना ओळखतो, कुळाच्या मालकीच्या, कुणी पहिल्यांदा रचली हे माहीत नसलेल्या कथेला ओळखत नाही. पॅसिफिक देशांनी २००२ मध्ये पारंपरिक ज्ञानासाठी नमुना कायदा तयार केला, कुक बेटांनी २०१३ मध्ये स्वतःचा कायदा केला.

ज्ञान खुलं करायचं की राखायचं, हा वाद माऊ पियाइलुगइतका कुणी अंगावर घेतला नसेल. मायक्रोनेशियाच्या सातावाल बेटावरचा हा नावाडी, वेरियेंग या नौकानयनाच्या परंपरेतला. लहानपणी गोल मांडलेल्या दगडांवरून ताऱ्यांच्या उदयास्ताच्या ३२ दिशा शिकायच्या. मग प्रत्येक बेटाभोवतीच्या समुद्रातल्या प्राण्या-पक्ष्यांची यादी पाठ करायची: अमुक दिशेला अमुक सवयीचा एकटा पक्षी दिसला तर तू अमुक बेटाजवळ आहेस. १९७६ मध्ये त्याने 'होकुलेआ' ही दुहेरी होडी कुठल्याही उपकरणाशिवाय हवाईहून ताहितीला नेली आणि नंतर हवाईच्या तरुणांना शिकवलं. सातावालमध्ये यावर नाराजी होती, हे ज्ञान बाहेर द्यायचं नसतं. त्याचं म्हणणं असं की बेटावरची मुलं शिकत नाहीत, मग ते माझ्याबरोबर जाईल. २००७ मध्ये त्याने सातावालवर 'प्वो' दीक्षाविधी केला. त्यात नायनोआ थॉम्पसनसह पाच हवाईयन आणि मायक्रोनेशियातले इतर नावाडी होते. २०१० मध्ये तो वारला.

अशी माणसं गेल्यावर संग्रहापुढे रोजचा प्रश्न उभा राहतो. सांगणाऱ्याने घातलेल्या अटी त्याच्या मरणानंतर कोण बदलू शकतो? काही समाजांत सुतक संपेपर्यंत मृताचा आवाज वाजवत नाहीत, काहींत घरचे लोक लगेच प्रत मागतात. मुलगा एक सांगतो, पुतण्या दुसरं, आणि दोघांमध्ये जमिनीचा वाद चालू असतो. त्यामुळे चांगल्या नोंदपत्रकात भाषा, तारीख आणि गाव यांच्या खाली आणखी एक रकाना असतो: सांगणाऱ्याच्या पश्चात कुणाला विचारायचं. तो मुद्रणाच्या दिवशी, सांगणाऱ्याच्याच तोंडून, दोन नावांनी भरून घ्यायचा. एक त्याच्या वयाचं, एक तरुण.